कागदावरची बाळंतीण

सात वेळा. आईचा आवाज सात वेळा उठला होता, जीभ थरथरवत काढलेला लांब, ओला आवाज, आणि दर खेपेला तो समोरच्या डोंगरावर जाऊन आपटला नि तिकडच्या घरांतल्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. येशिमबेट तेव्हा आठ वर्षांची. शेजारच्या झोपडीत बाई अडली होती. सकाळपासून बायका दाराबाहेर गुडघ्यांवर बसून पुढेमागे झुलत ‘मरियम, मरियम’ म्हणत होत्या आणि आई सगळ्यांच्या पुढे बसून गात होती:

ये गं मरियमबाई, उंबऱ्यात ठेव पाय,
लेकीच्या गं ओटीमध्ये लेकरू घाल, माय.

मग आतून रडं ऐकू आलं आणि आई उठली. मुलगी झाली तर तीन, मुलगा झाला तर सात. येशी बोटांवर मोजत होती. सात झाल्यावर आईनं शालीच्या काठानं तोंड पुसलं, वळून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या वेळी मी दम लागेस्तोवर ओरडीन गं. मुलगा होवो की मुलगी. गाव म्हणेल, ही खुळावली."

तो आवाज आता, तीस वर्षांनी, बैरूतमधल्या धर्मादाय दवाखान्याच्या खिडकीसमोर तिच्या कानात उठला. कारण एवढंच की खिडकीमागच्या मादाम नवालनं तिचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड घेतलं, संगणकात नंबर घातला, आणि चष्म्यावरून बघत हसून म्हणाली, "अरे वा, येशिमबेट! मुबारक गं पोरी! बाळ कसंय तुझं?"

येशीनं खिडकीच्या काठाला हात टेकला. तिच्या मागे झिनाश उभी होती, आणि झिनाशच्या खांद्यावर पाच महिन्यांचा बिरुक, तोंडात स्वतःची मूठ घालून. मादाम नवालनं मान लांबवून त्याला बघितलं. "हाच ना? काय गुबगुबीत झालाय! आणि ही कोण, मावशी वाटतं?" झिनाशनं मान हलवली. गेल्या वर्षी पोट घेऊन हीच झिनाश याच खिडकीसमोर सहा वेळा उभी राहिली होती. सहा वेळा मादाम नवालनं तिच्याच तोंडाकडे बघून विचारलं होतं, "झोप लागते का? पाय सुजतात का?" आणि आज तिला ती मावशी वाटत होती. येशीच्या मनात हसू आलं आणि ते हसू कडू होतं. आपली तोंडं यांना सगळी सारखीच. त्या सारखेपणावर तर सगळं उभं केलं होतं. कार्डावरचा फोटो सात वर्षांपूर्वीचा, केस बांधलेले, नजर खाली. तो येशीचा होता तसा झिनाशचाही होता, नि रविवारी चर्चबाहेर उभ्या असणाऱ्या कुठल्याही बाईचा होता.

झिनाशला कार्ड नव्हतं. ती ज्या घरात कामाला आली त्या घराला बाहेरून कुलूप असायचं, आणि एके दिवशी कुलूप लावायचं राहिलं तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी जिना उतरली. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात राहिला. त्यानंतर ती बुर्ज हम्मूदमधल्या खोलीत चार पोरींबरोबर राहायची नि तासावर घरं पुसायची; सुट्टीला येशीही तिथंच असायची. पेट्रोल पंपावरच्या सुदानी पोरावर जीव बसला, दिवस राहिले, आणि सुदानी पोराला एका सकाळी पोलिसांनी गाडीत घालून नेलं ते नेलंच. पोट दिसायला लागलं तेव्हा ती एका इस्पितळात गेली. तिथल्या माणसानं आधी कार्ड मागितलं, मग अनामत रक्कम मागितली, आणि दोन्ही नाही म्हटल्यावर फोन उचलला. ती धावत सुटली. धापा टाकत खोलीत येऊन भिंतीला टेकली आणि म्हणाली, "एत्ये, मी इथंच बाळंत होईन. तू फक्त माझ्या तोंडात फडकं धर." एत्ये म्हणजे थोरली बहीण, झिनाश येशीला कधी नावानं हाक मारायची नाही. येशीची म्हातारी मालकीण, मादाम ओदेत, दरवर्षी न चुकता तिचं कार्ड नव्यानं करून घ्यायची. येशीनं ते कार्ड पिशवीतून काढलं आणि झिनाशच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, एवढंच तर आहे. प्लास्टिकचा तुकडा.

मग येशीनं तिला आपलं आयुष्य पाठ करायला लावलं. जन्मतारीख, गाव, आईचं नाव, बापाचं नाव. झिनाश कांदे चिरता चिरता म्हणायची आणि चुकली की येशी तिच्या पाठीत हलकी चापट मारायची. "आधी किती मुलं झाली, असं विचारतील." झिनाशनं वर बघितलं. "काय सांगू?" "एकही नाही म्हण." तेवढ्या एका प्रश्नाला दोघींचं उत्तर सारखं होतं, म्हणून तो पाठ करावा लागला नाही.

"बसा तिकडे," मादाम नवाल म्हणाली. "आज डॉक्टर रीमा आहेत, नवीन. परत रक्तस्रावच ना?" पडद्यावर बघत तिनं वाचलं, मोठ्यानं, सगळं वाचायची तशी. "मागच्या खेपेला लिहिलंय, सिझेरियननंतरचा रक्तस्राव, काळजीचं कारण नाही, लोहाच्या गोळ्या. अजून थांबलं नाही का? बाळाला पाजतेस ना? पाजत राहा, थांबेल."

येशीनं वळून बघितलं नाही. पण झिनाशचा श्वास मध्येच अडलेला तिला पाठीवर कळला. तीन आठवड्यांपूर्वी ती एकटी आली होती, तेव्हा खिडकीत दुसरीच बाई होती. त्या डॉक्टरनं तिला टेबलावर झोपवलंही नाही; पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, गोळ्या लिहिल्या. तिनं ‘डॉक्टर, मी’ एवढंच म्हटलं होतं आणि पुढचं वाक्य तोंडात फिरवत बाहेर आली होती. खोलीत येऊन सांगितलं, "अशक्तपणा आहे म्हणाले." सगळ्या पोरींनी मान डोलावली. बीट खा, मसूर खा. आता झिनाशला कळलं. झिनाशची अरबी येशीपेक्षा चांगली. एक शब्दही तिच्या कानांतून सुटला नसणार.

दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. समोर दोन सीरियन बायका कुजबुजत होत्या, एक म्हातारा खोकत होता. पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला टक् असं काहीतरी म्हणत होता. येशीच्या बेंबीखाली ते होतं. दोन महिने होतं. दिवसभर गप्प बसलेलं आणि जिना चढताना, मादाम ओदेतला आंघोळीच्या टबातून उचलताना, एकदम दात लावणारं. कपडा बदलायला ती आता दिवसातून पाच वेळा मोरीत जायची. आईची बहीण अशीच गेली होती. गावात तिला म्हणायचे, अंगावरचं थांबत नाही, पवित्र पाण्यानं धुवा. धुतलं, आणि कोरड्या दिवसांत एका सकाळी ती पाण्याच्या हंड्याशेजारी बसल्या बसल्या गेली. येशीला मावशीची पावलं आठवत होती फक्त, पांढरी पडलेली, राख फासल्यासारखी. आज सकाळी बूट घालताना तिनं स्वतःची पावलं निरखून बघितली होती.

"अशक्तपणा," झिनाश अगदी खालच्या आवाजात म्हणाली.

"हळू."

"तू मला अशक्तपणा म्हणालीस. ते लोक तुला बाळंतीण समजून गोळ्या देतायत, आणि तू मला बीट आणायला पाठवलंस."

"बीटही चांगलंच असतं."

"चेष्टा करू नकोस, एत्ये."

"मग काय करू? रडू? त्या सीरियन बायका बघतायत." येशीनं तिच्या खांद्यावरच्या पोराच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, छोटी, श्वासानं वरखाली होणारी. "या पोराच्या जन्माच्या दाखल्यावर माझं नाव आहे. याच्या लशी त्या फाईलवर आहेत. मी तोंड उघडलं की दाखला खोटा. तुला विमानात घालतील, आणि याला कुठं घालतील ते त्यांनाही माहीत नाही. माझं कार्ड जाईल, मादामला पोलीस ठाण्यात बोलावतील, ब्याऐंशी वर्षांची म्हातारी ती. हिशेब सरळ आहे. मला नुसतं थोडं रक्त जातंय."

बिरुक कुरकुरायला लागला.

किती सहज आपण बोललो, येशीला वाटलं. जणू सगळा त्यागच. जणू या बाकावर कुणी संतीण बसली आहे. तिला आपल्याच आवाजाची किळस आली, कारण आत, बेंबीखालच्या त्या दातांपेक्षाही आत, दुसरं काहीतरी होतं आणि ते झिनाशला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. बाळंतपणाचे ते तीन दिवस येशी मादाम ओदेतच्या घरात बसून राहिली होती. कार्ड इस्पितळात, आणि कार्डाशिवाय पाव आणायला जायचं म्हटलं तरी कोपऱ्यावर चौकी. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचा रस्ता बघत बसली. मादामनं दोनदा विचारलं, "आज खाली नाही जायचं का तुला?" तिनं म्हटलं, पाय दुखतोय. तिचं नाव शहराच्या त्या टोकाला कळा देत होतं. नावाचं पोट चिरलं, नाव बाळंत झालं, आणि ती इकडे मादामच्या चादरींना इस्त्री करत होती, आणि इस्त्री करता करता तिच्या लक्षात आलं की ती झुलते आहे, पुढेमागे, आणि तोंडानं मरियम, मरियम म्हणते आहे. शाल नसलेल्या गळ्याशी हात गेला. अंग घामानं भिजलं होतं.

चौथ्या दिवशी झिनाश इस्पितळातून परतली, एका पोरीनं कार्ड येशीला पोचवलं, नि खोलीत पोरींनी गेन्फो रांधला. जवाच्या पिठाचा घट्ट गोळा ताटात डोंगरासारखा रचलेला, मध्ये खळगा, खळग्यात लाल मिरचीचं वितळलेलं लोणी. पहिला घास बाळंतिणीचा. झिनाश गादीवर, पोटाला उशी धरून, हसायला गेली की टाके ओढायचे म्हणून ‘हसवू नका गं मेल्यांनो’ म्हणत होती. तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात वाह्यात पोरगी, आत्सेदे, ओरडली, "अगं, कागदावरच्या बाळंतिणीला पण लोणी वाढा! नऊ महिने कार्ड पोटुशी होतं तिचं!" सगळ्या खिदळल्या. कुणीतरी येशीच्या तोंडात घास कोंबला. लोणी जिभेवरून खाली उतरलं, ऊन, जड, आणि छातीत कुठंतरी दोन्ही बाजूंना काहीतरी ताठ झालं. येशी हसत होती. सगळ्यांबरोबर हसत होती. नवऱ्यानं चार वर्षं वाट बघून तिला माहेरी आणून सोडलं होतं, गाढवावर तिची पेटी लादून, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांना दिसावं म्हणून. आईनं पेटी उतरवून घेतली आणि एक शब्द विचारला नाही. त्यानंतर शेजारी कुठं बाळ जन्मलं तर आई जायची, मरियम म्हणायची, पण आवाज काढायला दुसऱ्या बाईला पुढं करायची. घसा बसलाय म्हणायची. येशी बैरूतला निघाली तेव्हाही तिचा घसा बसलेलाच होता.

आणि मग तो फोटो. दाखला घेऊन झिनाश आली तेव्हा येशीनं तो हातात धरला. मातेचं नाव. त्यापुढे तिचं नाव, बापाचं नाव, अरबी अक्षरांत, शिक्क्यासकट. बिरुक तिच्या मांडीवर झोपला होता. झिनाश मोरीत होती. येशीनं फोन उचलला, हात लांब केला, स्वतःचा आणि त्याचा फोटो काढला नि धाकट्या भावाच्या फोनवर पाठवून दिला. खाली काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. नुसता फोटो खोटा नव्हता. ती होती, पोर होतं, मांडी होती. संध्याकाळी भावाकडून आवाज आला. आधी खरखर, कोंबड्या, मग भाऊ म्हणतोय, बोल आई, बोल, चालू आहे. आणि मग आई. सात वेळा. मग थांबली नाही. आठ, नऊ, दहा. म्हातारा, फाटलेला आवाज, मध्येच खोकला, परत वर. येशीनं तो आवाज मादामच्या घरात उशीखाली फोन धरून ऐकला. पाच महिने ती रोज ऐकत होती. आई आता विचारत होती, जावई कोण, बाप्तिस्मा कुठं केला, घेऊन कधी येतेस. शेजारणींना कॉफी पाजून झाली होती. येशी सांगायची, येईन गं, सुट्टी मिळू दे.

म्हणून तिला तोंड उघडायचं नव्हतं. झिनाशसाठी, हो. बिरुकसाठी, हो. पण डॉक्टरसमोर ‘मला मूल झालेलं नाही’ हे चार शब्द म्हणायचे म्हणजे त्या फाटक्या आवाजाच्या तोंडावर हात दाबायचा. त्यापेक्षा रक्त जाऊ दे. जाता जाता कधीतरी थांबेल. नाही थांबलं तर लोक म्हणतील, बाळंतरोगानं गेली. आई म्हणेल, लेक बाळंत होऊन गेली. या विचारात एक गोडवा होता. तो गोडवा लक्षात येताच ती इतकी दचकली की बाक करकरला.

बिरुक आता मोकळा गळा काढून रडत होता. लाल झाला होता, पाय झाडत होता. मादाम नवाल खिडकीतून ओरडली, "अगं, भुकेजलाय तो! मावशीकडे काय ठेवलंस? घे आणि पाज, इथं सगळ्या बायाच आहेत. त्या म्हाताऱ्याला काही दिसत नाही." सीरियन बायका हसल्या. म्हाताराही हसला. झिनाशच्या निळ्या झग्यावर छातीशी दोन काळे ओले गोल उमटले होते आणि पसरत होते. तिनं पोराला त्या ओल्यावर घट्ट दाबून धरलं. पोर झग्याच्या कापडाला तोंड लावून वेड्यासारखं शोधायला लागलं.

"दे इकडे," येशी म्हणाली. घेण्यावाचून इलाज नव्हता. तिनं त्याला घेतलं, शाल दोघांवर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. शालीच्या आत अंधार होता, दुधाचा नि तान्ह्या टाळूचा वास होता. पोरानं तिच्या छातीवर तोंड आपटलं, एकदा, दोनदा. तिनं त्याला करंगळी दिली. त्यानं ती ओढली, जिवाच्या आकांतानं ओढली, आणि मग थांबून, काहीच येत नाही हे कळून, असा एक हुंदका दिला की त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. ते आश्चर्य येशीच्या बोटातून खांद्यापर्यंत चढलं. इतकी वर्षं तिला कुणी वांझ म्हटलं होतं, कुणी बिचारी म्हटलं होतं. पण तिच्याकडे काही नाही हे इतक्या साधेपणानं अजून कुणी तिला सांगितलं नव्हतं.

"मला दे," झिनाश पुटपुटली. "मी मोरीत जाऊन येते."

शालीखालून पोर परत गेलं. झिनाश गेली. पंख्याचं टक् टक् चालू राहिलं. येशी बसली, रिकामी शाल धरून. मादाम नवाल म्हणाली, "दूध आटलं वाटतं तुझं? मेथीचं पाणी पी." "पिते," येशी म्हणाली.

झिनाश परतली तेव्हा पोर झोपलं होतं. तिचं तोंड मात्र बदललं होतं, धुऊन घट्ट पिळलेल्या कापडासारखं. येशीला ते आवडलं नाही. "काय झालं?" "काही नाही." तेवढ्यात नाव पुकारलं. येशी उठली. "तू इथंच बस." पण मादाम नवाल म्हणाली, "दोघी जा, दोघी जा. पोराचं वजन पण होऊन जाईल. फाईल एकच आहे ना."

डॉक्टर रीमा तरुण होती, केस पेन्सिलीनं वर खोचलेले, बोलणं भरभर पण हात सावकाश. तिनं पडदा वाचला, मग पडद्याला पाठ केली, हे मागच्यानं केलं नव्हतं. "किती दिवस चाललंय? रोज? गाठी पडतात?" येशी हो, नाही, हो म्हणत गेली. "वर झोप. बघू या." टेबलावरचा कागद पाठीखाली चुरचुरला. येशीनं छताकडे बघितलं. छतावर ओलीचा एक पिवळा डाग होता. आता ती म्हणणार होती, सगळं तयार होतं, टाके आतून घातले होते, डॉक्टर, बाहेरून दिसत नाहीत. आत्सेदेनं ऐकलेलं तिला सांगितलं होतं, असेही टाके असतात म्हणून. डॉक्टरनं झगा वर केला. गार बोटं बेंबीखाली आली, दाबली. येशीच्या तोंडून आवाज निघाला. बोटं थांबली, मग ती खाली सरकली, आडवी फिरली, या हाडापासून त्या हाडापर्यंत, आणि परत आली.

"येशिमबेट," डॉक्टर म्हणाली, "सिझेरियन झालं ना तुझं?"

"हो."

"पाच महिन्यांपूर्वी?"

"हो."

"कुठं कापलं होतं?"

पिवळा डाग छतावर हळूहळू मोठा होत होता, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टाके आतून घातले होते, डॉक्टर. वाक्य जिभेवर होतं. त्याच्या आड आईचा आवाज होता, नववा, दहावा. तिनं तोंड उघडलं. "टाके," ती म्हणाली. पुढचं येईना. पुन्हा म्हणाली, "टाके."

"इथं एक गाठ लागतेय माझ्या हाताला," डॉक्टर म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बाळंतपणाशी तिचा संबंध असेल तर एक उपाय. नसेल तर आजच्या आज तुला मोठ्या इस्पितळात पाठवायला हवं, तुकडा काढून तपासायला. ही फाईल म्हणते एक आणि हे पोट म्हणतं दुसरं. मी कुणावर विश्वास ठेवू?"

बाहेर म्हातारा खोकला. येशीनं मान वळवली, झिनाशकडे बघून डोळ्यांनी सांगायला, गप्प बस, मी निभावते. आणि तिला दिसलं की झिनाशनं पोराला वजनाच्या तराजूवर ठेवलं आहे, झोपलेलं, आणि तिचे दोन्ही हात मोकळे आहेत.

"झिनाश, नको," येशी त्यांच्या भाषेत म्हणाली. ती हे कुणासाठी म्हणाली, तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं, आणि ती लाजेनं भिंतीकडे वळली.

झिनाशनं निळा झगा कमरेपर्यंत वर ओढला. तिची अरबी स्वच्छ होती, एकही शब्द चुकला नाही.

"कापलं ते इथं, डॉक्टर. पोर माझं आहे. माझं नाव झिनाश, मला कार्ड नाही. हिला कधीच मूल झालेलं नाही. हिला नीट बघा."